एका मोबाईलवर एक मुलगी

नातवंडांनो, तुमच्या बाबाचा पहिला प्रोग्रॅम कसा होता, असं तुम्ही दोघांनी विचारलंत. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते. प्रोग्रॅम निर्दोष होता.

तेव्हा मी हिंगोलीत एका नर्सिंग शाळेच्या ऑफिसात प्रवेशाचं काम आणि इंग्रजी पत्रव्यवहार बघत होते. बाबा कॉम्प्युटर शिकून घरी बसला होता. संस्थेच्या अध्यक्षांना शाळेची वेबसाइट हवी होती, कारण नांदेडच्या शाळेची होती. प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म बाबाने पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला.

मी त्याला ऑफिसची शिस्त सांगितली. खिडकीवर आलेला अर्ज आधी तपासायचा, मगच आवक नोंदवायची. पीएचपीतही तसंच असतं, म्हणाला. मुलीने बटण दाबलं की तिने भरलेलं सगळं रिक्वेस्ट म्हणून सर्व्हरकडे येतं. तिथे बघायचं, रकाना आला आहे का, रिकामा तर नाही, मोबाईलचे आकडे बरोबर दहा आहेत का. ब्राउझरने तपासलेलं असलं तरी सर्व्हरने पुन्हा तपासायचं, कारण बाहेरून येणाऱ्या कशावरही विश्वास ठेवायचा नसतो. हे वाक्य तो फार आवडीने म्हणे.

शेवटचा नियम त्याचा स्वतःचा होता. एका मोबाईलवर एक मुलगी. तोच नंबर पुन्हा आला तर मुलगी आपली चूक दुरुस्त करते आहे असं समजायचं, आणि जुना अर्ज पुसून त्या जागी नवा ठेवायचा.

"अरे, सेनगावकडच्या मुलींकडे कुठले मोबाईल?" मी म्हटलं.

"नंबर कंपल्सरी आहे, आई. नसेल तर फॉर्म जाणारच नाही."

फॉर्म गेले. सेनगावच्या नेट कॅफेवाल्याने येईल त्या मुलीच्या अर्जात स्वतःचाच नंबर टाकला. निरोप आला तर गावात पोचवता येईल, हा त्याचा चांगुलपणा. प्रत्येकीला 'तुमचा अर्ज मिळाला आहे' असं छापील पान मिळालं, आणि प्रत्येकीच्या अर्जाने आधीच्या मुलीचा अर्ज पुसला.

यादी लागली त्या दिवशी एक मेंढपाळ मुलीला घेऊन आला. सेनगावची एकच मुलगी यादीत होती, सर्वांत शेवटी फॉर्म भरलेली. तिच्याहून या मुलीचे गुण कितीतरी जास्त होते. दिवाळीनंतर आईबाप मेंढ्या घेऊन बाहेर पडत ते पावसाळ्यालाच परतत. वयात आलेली पोरगी मागे एकटी ठेवायची रीत त्यांच्यात नव्हती. शाळेचं वसतिगृह मिळालं तर शिक्षण, नाहीतर लग्न. हे त्या माणसाने मला उभ्याउभ्याच सांगितलं.

मुलीने पान पुढे केलं. "मॅडम, मिळाला म्हनून तुमीच लिवलंय की."

मी बाबाला बोलावलं. त्याने स्क्रीनवर शोधलं. "नावच नाही."

"मग हे पान?"

"ते सगळ्यांना येतं."

काय झालं ते त्या क्षणी त्याला कळलं. मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तेवढ्यात अध्यक्ष आले.

"काय भानगड?"

"साहेब, दुसऱ्याचा नंबर टाकलाय हिने," बाबा म्हणाला.

"गुणपत्रिका समोर आहे, साहेब," मी म्हटलं. "हाताने नाव घालू."

"आज हिला घेतलं की उद्या सगळं सेनगाव येऊन बसंल. तुमी इंग्रजी तेवढं बघा, बाई." मग ते मुलीकडे वळले. "घरात फोन न्हाई अन् नर्स व्हायला निघाली! जा, मेंढरांनाच सुया टोच."

ऑफिस हसलं. बाबाही हसला.

मेंढपाळाने मला विचारलं, "आमचं काय चुकलं म्हनता, बाई?"

उत्तर बाबाने दिलं. "तुमच्या पोरीनं नीट वाचलं नाही."

मुलीने पानाची घडी घातली आणि दोघं जीपच्या अड्ड्याकडे गेली.

पुढच्या वर्षी बाबाने फॉर्म सुधारला. आता जुना अर्ज पुसला जात नव्हता. 'हा नंबर आधीच वापरला आहे' अशी लाल अक्षरं येत आणि अर्ज परत फिरे. कॅफेवाल्याचा मला फोन आला. "मॅडम, पहिलीचाच फॉर्म जाऊन राहिला. बाकीच्या पोरी रडून राहिल्यात."

मी त्या मुलीची चौकशी केली.

"मेंढरवाल्याची? तिचं मागल्या दिवाळीआधीच उरकलं. नवरा ऊसतोडीला जातो. ती बी कोयता घेऊन गेली त्याच्यासंगं."

बाबा शेजारीच होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बघ, आता तरी मुलींना तिथल्या तिथे कळतं." हाच फॉर्म दाखवून त्याला पुण्यात पहिली नोकरी लागली. मुलाखतीत त्यांनी विचारलं, एकच नंबर दोघींनी टाकला तर? तसं कधी होत नाही, असं त्याने सांगितलं. पेढे घेऊन आला तेव्हा हे त्यानेच मला हसत हसत ऐकवलं.