लडीला लडी

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी आमचे ड्यूटीभाऊ जेवत नसत. सकाळी चहा घेत, दुपारी आणखी एकदा घेत, आणि संध्याकाळी तिकडे दिल्लीत अर्थमंत्री अंदाजपत्रक मांडायला उभे राहिले की इकडे आरमोरीत भाऊ रेडिओसमोर मांडी घालून बसत. बातम्या संपेपर्यंत ताटाकडे बघायचं नाही, असा नेम होता. एकादशी किंवा चतुर्थी त्यांनी कधी पाळल्याचं मला आठवत नाही. वर्षातून हा एकच उपास ते करत, आणि तोही परदेशी रेशमावरच्या आयात करासाठी.

बातम्यांत रेशमाचं नाव कधीच येत नसे. सिगारेट महागली, अमुक यंत्र स्वस्त झालं, एवढं सांगून निवेदक मोकळा होई. भाऊ मग रेडिओ बंद करून म्हणत, "आपलं नाव नाई घेतलं, म्हंजे आपल्याले हात नाई लावला." खरं काय ते दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस्टीने नागपूरचं वर्तमानपत्र आल्यावर कळायचं. पण तोवर उपाशी राहण्याइतका काही भाऊंचा स्वभाव कडक नव्हता.

ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि भाऊंच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. भाऊ विणकरांच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांचं खरं नाव पोस्टमनला तेवढं ठाऊक होतं, बाकी सगळ्या मोहल्ल्याला ते ड्यूटीभाऊच. धंदा कोशाच्या रेशमाचा. ढिवर लोक जंगलात ऐनाच्या झाडांवर किडे पोसून त्यांचे कोश, म्हणजे कोसे, आणायचे, मोहल्ल्यातल्या बायका ते उकळून मांडीवर वळून सूत काढायच्या आणि पुरुष ते मागावर विणायचे. मग नागपूरच्या व्यापाऱ्याकडे चीनकडचं सूत मिळू लागलं. ते गुळगुळीत होतं, मागावर तुटत नव्हतं, आणि सरकारने त्यावर कर लावलेला असूनही परवडत होतं. विणकर खूश झाले आणि बायकांच्या सुताला गिऱ्हाईक कमी झालं.

भाऊंची पंचाईत अशी की दोन्ही बाजू त्यांच्या घरातच होत्या. बायको यमुनाबाई मोहल्ल्यातली सगळ्यात बारीक सूत काढणारी, आणि धाकटा भाऊ रामा सगळ्यात चांगला विणणारा. रामा म्हणे, कर पार काढून टाका. यमुनाबाई म्हणत, दुप्पट करा. दोघेही एकाच चुलीवरचं जेवत आणि जेवता जेवता भाऊंकडे रोखून बघत. मी भाडेकरू असल्यामुळे मला कुणी मत विचारत नसे, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानत असे.

दिल्लीचा कर भाऊंच्या हातात नव्हता, म्हणून त्यांनी मोहल्ल्याचा स्वतःचा कर बसवला. ज्याला बाहेरच्या सुताची लडी आणायची असेल त्याने आणावी, पण तेवढंच सूत मोहल्ल्यातल्या एखाद्या बाईकडूनही घ्यावं. लडीला लडी. ज्या वर्षी जंगलातून कोसे कमी येत त्या वर्षी भाऊ नियम सैल करत आणि कोसे भरपूर आले की पुन्हा आवळत. "सरकार बी असंच करते गुरुजी," ते मला समजावून सांगत. "फक्त त्याईले ढिवर कुठी बसते ते माहीत नाई." आयात कराला व्यापारी ड्यूटी म्हणत, आणि त्यांचं ड्यूटीभाऊ हे नाव तेव्हापासूनचं.

नियम फार आवळला की काय होतं, हे रामाने दाखवून दिलं. तो एकदा नागपूरहून तांदळाचं पोतं घेऊन एस्टीतून उतरला. भाऊ स्टँडवर कुणाशी तरी बोलत उभे होते. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, मग सडकेपलीकडे पसरलेल्या धानाच्या बांध्यांकडे पाहिलं. "काऊन रे रामा," त्यांनी विचारलं, "आरमोरीत तांदूळ संपला का?" पोत्यात वर चार बोटं तांदूळ होता आणि खाली चीनचं सूत. भाऊ चिडले नाहीत. पोतं स्वतःच्या खांद्यावर घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम थोडा सैल केला. म्हणाले, "आपली ड्यूटी जास्त झाली म्हणूनच माल पोत्यातून येऊन राह्यला." तो तांदूळ आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला, आणि आरमोरीच्या तांदळापुढे तो काहीच नव्हता.

पण मग एका वर्षी पाऊस रुसला. कोसे इतके कमी आले की माग बंद पडायची वेळ आली. भाऊंनी नियम पुरता उठवला. कोसे आले की परत लावू, असं सगळ्यांच्या देखत सांगितलं. पुढच्या वर्षी कोसे आले, चांगले टपोरे आले, पण नियम काही परत आला नाही. विणकरांच्या हाताला गुळगुळीत सुताची सवय लागली होती आणि रामाने नवीन माग बसवला होता. भाऊ रोज म्हणत, पुढच्या बाजारापासून लावू. यमुनाबाईंनी सूत गुंडाळायची फिरकी माळ्यावर टाकली आणि त्या दुसऱ्यांच्या वावरात धान कापायला जाऊ लागल्या. भाऊंशी त्या बोलत, वाढत, सगळं करत, फक्त सुताचा विषय काढत नसत. भाऊंना तेच सहन होत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात दिल्लीहून एक अधिकारी आले. परदेशी रेशमावरचा कर कमी करावा का, याचा विचार सरकारात चालला होता आणि त्यासाठी ते सूत काढणाऱ्यांचं आणि विणणाऱ्यांचं म्हणणं ऐकत गावोगाव फिरत होते. संस्थेच्या ओसरीवर एका बाजूला रामा आणि विणकर बसले, दुसऱ्या बाजूला यमुनाबाई आणि बायका. कर फार उतरला तर बायकांचं काम कायमचं जाणार होतं, वाढला तर माग अडणार होते. मध्ये खुर्चीवर भाऊ, आणि ते काय बोलणार हे कुणालाच माहीत नव्हतं. अधिकाऱ्यांनी सरळच विचारलं की कर किती असावा.

"साहेब, आकडा मले नाई सांगता येत," भाऊ म्हणाले. "मी आपल्या मोहल्ल्याची सांगतो." आणि त्यांनी लडीला लडी, रामाचं पोतं, रुसलेला पाऊस, सगळं सांगून टाकलं. शेवटी आवाज उतरला. "सूट द्याले मले एक सकाळ लागली. परत लावाले तोंड नाई होऊन राह्यलं. माह्या बायकोचा हात सगळ्याईत बारीक, ते आता लोकाईचं धान कापते. तुमी सूट द्याची तं द्या, पण ते कधी बंद होईन हे पहिल्याच दिवशी सांगून द्या."

अधिकारी हुशार होते आणि त्यांना या धंद्याची बारीकसारीक माहिती होती. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "भाऊ, तुमच्या ओसरीवर दोन बाजू आहेत. माझ्याकडे कर्नाटकातले रेशीमवाले शेतकरी येतात, बनारसचे विणकर येतात, मुंबईचे निर्यातदार येतात. एकाला सूट दिली की ती काढून घेताना आम्हालाही असंच होतं."

"मंग शिव्या कोणाच्या खाता?"

"सगळ्यांच्या."

भाऊंचा चेहरा असा खुलला की मला तो अजून दिसतो. इतक्या वर्षांत आपल्यासारखाच पिचलेला माणूस त्यांना पहिल्यांदा भेटला होता. त्यांनी चहा मागवला. चहा यायच्या आत बायकांच्या बाजूने यमुनाबाईंचा आवाज आला, "हे साहेबाले सांगता. मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगून तं राह्यलो," भाऊ म्हणाले.

"मंग उद्यापासून लावा."

रामा पुटपुटला, पण साहेबांसमोर भांडणार कसा? दुसऱ्या दिवशी नियम लागला आणि माळ्यावरची फिरकी खाली आली. त्या फेब्रुवारीत भाऊंचा उपास नेहमीसारखा झाला, बातम्यांत रेशमाचं नाव नेहमीसारखं आलं नाही. वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरांत मात्र मला ते सापडलं. कर थोडा उतरला होता. विणकरांना हवा होता तेवढा नाही आणि बायकांना भीती होती तेवढाही नाही. मी वाचून दाखवलं तेव्हा भाऊ समाधानाने म्हणाले, "दोन्हीकडून शिव्या पडन साहेबाले. बराबर काम केलं त्यानं."

पुढे माझी बदली गोंडपिपरीला झाली. निघताना भाऊंनी मला कोशाचं उपरणं दिलं. उभा ताणा बाहेरच्या सुताचा, आडवा बाणा यमुनाबाईंच्या सुताचा, आणि विणलेलं रामाने. बोटं फिरवली की कुठलं सूत कुठलं ते आजही कळतं. गुळगुळीत सुतापेक्षा मला ते दुसरंच जास्त आवडतं, पण एकट्या त्याचं उपरणं इतकं टिकलं नसतं, हेही मला ठाऊक आहे.

भाऊ गेल्याचं मला उशिरा कळलं. काही दिवसांनी मी भेटायला गेलो तो नेमका फेब्रुवारीचा शेवटचा दिवस होता. संस्थेचा अध्यक्ष आता रामा झाला होता. लडीला लडी चालूच होती, आणि पोत्यातून सूत आणणाऱ्या पोरांना रामा स्टँडवर जाऊन पकडत होता. संध्याकाळी तो रेडिओसमोर मांडी घालून बसला. मी जेवणाचं विचारलं तर म्हणाला, "बातम्या होऊ द्या, गुरुजी."

यमुनाबाई सूत काढता काढता म्हणाल्या, "जेवून घे रामा. तुह्या भावासाठी मी दरसाल उपाशी राह्यली, आता तुह्यासाठी नाई राहत."

त्या उपास करत होत्या हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. बहुधा भाऊंनाही नसेल. रामा रेडिओसमोरून हलला नाही. यमुनाबाईंनी फिरकी बाजूला ठेवली, उठून रेडिओचा आवाज वाढवला आणि पुन्हा मांडीवर सूत वळायला घेतलं. ताट त्यांनीही वाढून घेतलं नव्हतं.