टोरंटोचं विमान मधात थांबत नाई

गाडी थांबली का भाऊ खाली. सिंदीहून पुलगाव असं किती दूर? तरी मधल्या एकूण एक स्टेशनवर उतरायचे, एका हातानं डब्याची दांडी धरून. "पायाले जमीन लागली पाह्यजे गा," म्हणायचे. असा एखादा माणूस तुमच्याही डब्यात असतोच. मी त्यांची नक्कल करायचो, दुकानाच्या शटरचा पाईप धरून, पोट पुढं काढून. ते नीट पाहत अन् म्हणत, "पोट जास्त झालं बे. एवढं नाई माह्यं."

त्यांचं भांड्यांचं दुकान, बाजूला माझं ऑनलाईन तिकिटांचं. भाऊंनी लग्न केलं नाही. आईबाप गेल्यावर धाकट्या बहिणीला त्यांनीच वाढवलं, शिकवलं. ती, म्हणजे आमची ताई, टोरंटोला गेली, तिथं तिला मुलगा झाला. आता जावळ मामाच्या मांडीवर काढतात, अन् मामा तर हा एकच. ताईनं फोनवर सांगून टाकलं, "दादा, तू आल्याशिवाय कैची लावू देणार नाई."

भाऊ माझ्याकडे आले. "पाह्य बरं, टोरंटो किती लांब आहे?"

"दिल्लीहून साडेअकरा हजार किलोमीटर. पंधरा-सोळा तास."

"मधात कुठं थांबते?"

"थांबत नाही भाऊ. विमान आहे, पॅसेंजर नाही."

"काऊन? एवढ्या रस्त्यात एक बी स्टेशन नाई?"

मग बहाणे सुरू. पोळा होऊ दे, लग्नसराई निघू दे, असं करत तीन वर्षं गेली. तिकडे पोराचे केस वाढत होते. आधी कानावर आले, मग ताईनं रबर लावलं. "पोरगी दिसून राह्यला," भाऊ फोनकडे पाहत म्हणायचे. हसायचे नाहीत.

शेवटी मी दुबईला थांबणारं विमान काढून दिलं. वेळ बराच जास्त. भाऊ खूश! "हे झालं मानसाचं तिकीट!" नव्या थाळीवर भाच्याचं नाव टोचून घेतलं अन् दिल्लीच्या गाडीत बसले.

चारच दिवसांत दुकानाचं शटर वर. मला वाटलं चोर आहे. आत भाऊ बसलेले.

"काऊन हो भाऊ?"

"दुबईले उतरलो. पुढच्या विमानात पायच पडेना. खाली निरा समुद्रच समुद्र, गा. काउंटरवाल्या पोरीले हात जोडले, म्हटलं, बाई, मले घरी धाड." मग बराच वेळ थाळी पुसत राहिले. "सरळवालं विमान पाह्यजे होतं. उतराले जागाच नसती."

पुढच्या वर्षी सरळवाल्यानंच जातो, म्हणाले. दिवाळीच्या आधीच भाऊ झोपेत गेले.

ताई आली, पोराला घेऊन. पोराच्या पाठीवर वेणी. तेरवी झाल्यावर तिनं न्हाव्याला बोलावलं. त्यानं अंगणात पाट मांडला अन् विचारलं, "मांडी कोनाची?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी बसलो. पोरगं मांडीवर आलं, चांगलंच जड होतं. त्यानं मान वळवून मला निरखून पाहिलं अन् ताईला विचारलं, "हा मामा आहे?"

न्हावी कैची धरून थांबला.

ताईनं केस झेलायला ओढणी पसरली. "आजच्या दिवस," ती म्हणाली.