वरच्या विहिरीचा सर्वे

माझ्या माहेरी माझ्या विषयाला कुणी कधी भाव दिला नाही. मी रत्नागिरीत कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते एवढं सगळ्यांना माहीत आहे, पण ते काय असतं हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. वडील शेवटपर्यंत येईल त्याला सांगायचे की आमची मुलगी गणिताची बाई आहे. पुढे पुढे मीही दुरुस्त करायचं सोडून दिलं. त्यामुळे गेल्या वर्षी श्रावणात माझा थोरला भाऊ पडवीत खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि म्हणाला की हे नमुना घेणं म्हणजे नेमकं काय ते मला नीट समजावून सांग, तेव्हा मी हुरळून गेले.

दादा मुंबईतल्या नोकरीतून निवृत्त होऊन गावी परत आला होता. आमचं गाव पालीच्या थोडं अलीकडे. आल्याआल्या तो वाडीच्या मंडळाचा अध्यक्ष झाला, कारण अध्यक्ष न होता कुठे नुसतं बसणं त्याला जमत नाही. वाडीपुढे तेव्हा एक प्रश्न होता. गावाच्या डोक्यावरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, मुंबईचा एक बिल्डर सुट्टीचे बंगले बांधत होता आणि त्याला पाणी हवं होतं. आमची वरची विहीर सड्याच्या कडेला आहे, ती मे महिन्यातही आटत नाही. बिल्डरने पंप लावून पाणी न्यायचं आणि बदल्यात देवळाला नवा सभामंडप बांधून द्यायचा, असा बेत होता.

त्याच विहिरीवर बायकांचे भाजीचे वाफे चालतात. माझ्या काकूचा, म्हणजे धाकट्या काकांच्या बायकोचा, मळा तर विहिरीच्या पाटावरच आहे. काका गेल्यापासून ती एकटी असते. लाल माठ, मुळा, चवळी असं पालीच्या बाजारात नेऊन विकते आणि कुणापुढे हात न पसरता जगते. मुलगा मुंबईला, तो गणपतीला आणि शिमग्याला येतो. पंप बसला तर उन्हाळ्यात पाटाला पाणी उरणार नाही, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दादा म्हणाला, आपण लोकांनाच विचारू, पण तुझ्या शास्त्राप्रमाणे. मी कशाला मागे राहते! वर्गात सांगते ते सगळं सांगितलं. एस.टी. स्टँडवर उभं राहून लोकांना एस.टी. परवडते का असं विचारलं, तर ज्याला परवडत नाही तो तिथे आलेलाच नसतो. म्हणून कुणाला विचारायचं ते आपल्या सोयीने ठरवायचं नाही, चिठ्ठ्यांवर सोडायचं. दादाचे प्रश्न फार छान असायचे. घराची चिठ्ठी निघाली, पण त्या घरात चार माणसं असली तर त्यातलं कोण? मी म्हटलं, ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार असेल त्याला विचारायचं, अशी एक रीत आहे. काकू तिथेच कुळीथ निवडत बसली होती, ती हसायला लागली. तिचा वाढदिवस कधी ते तिच्या आईलाही ठाऊक नव्हतं. मग घरातल्या माणसांच्याही चिठ्ठ्या टाकायच्या असं ठरलं.

आणि विचारायचं कधी? गणपतीत मुळीच नाही, मी म्हटलं. गणपतीत चाकरमानी येतात, वाडी भरून जाते, आरत्या होतात, मोदक होतात आणि सगळे परत जातात. वर्षभर इथे ज्यांची चूल पेटते आणि जे त्या विहिरीचं पाणी वापरतात, तेच धरायचे. प्रश्नाच्या शब्दांवर आम्ही बराच वेळ घालवला. ‘विकास’ हा शब्द आला की माणूस विचार न करता हो म्हणतो, तेव्हा तो गाळायचा. दादा मान डोलवत होता, मध्येच अडवून पुन्हा विचारत होता. इतकी वर्षं मुलांच्या जांभया बघत शिकवल्यावर असा विद्यार्थी घरातच सापडला, याचं मला केवढं अप्रूप वाटलं.

घरांच्या चिठ्ठ्या आम्ही त्याच दिवशी डब्यात घालून काढल्या. काकूचं घर निघालं तेव्हा ती लाजली.

गणपतीच्या थोडं आधी तिचा फोन आला. गौरी-गणपती गेले की दुसऱ्या दिवशी वाडीची सभा होती, आणि सगळ्या बायकांनी मिळून तिथे जायचं, पाणी देणार नाही म्हणून तोंडावर सांगायचं, असं त्यांचं ठरलं होतं. पण दादाने तिला थांबवलं होतं. ठराव इतक्यात होत नाही, आधी आपली बहीण स्वतः येऊन विचारणार आहे, मग सभेत आरडाओरडा कशाला, असं त्याचं म्हणणं. हे खरं का, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं. मी म्हटलं, खरं आहे, गणपती झाले की येते. मग झालं तर, असं म्हणून तिने फोन ठेवला.

आमच्याकडे रत्नागिरीत सासरचा गणपती असतो, त्या दिवसांत मला मान वर करायला फुरसत नसते. सभेच्या दिवशी संध्याकाळी मुंबईच्या एका आतेभावाने अभिनंदन म्हणून मला एक मजकूर पाठवला. दादाने तो वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. आपल्या वाडीच्या कन्या, कॉलेजच्या प्राध्यापिका, यांच्या शास्त्रशुद्ध सर्वेनुसार बहुसंख्य घरांनी गावाच्या विकासासाठी विहिरीचं पाणी द्यायला संमती दिली असून ठराव मंजूर झाला आहे. त्या ग्रुपवर वाडीतली एकही बाई नाही. मीसुद्धा नाही.

सकाळी मिळेल ती एस.टी. धरून गावी गेले. दादा पडवीत मखर सोडवत होता. मला बघून खुश झाला, चहा टाकायला सांगू का म्हणाला. मी उभ्या उभ्याच विचारलं की हे काय केलंस.

“चिठ्ठ्या तुझ्याच होत्या,” तो म्हणाला. “एकही घर बदललं नाही मी.”

घरं बदलली नव्हती, हे खरं होतं. प्रत्येक घरी आरती झाल्यावर, गणपतीसमोर, सगळे बसलेले असताना त्याने घरच्या कर्त्या माणसाला विचारलं होतं. कर्ता म्हणजे मुंबईहून आलेला. देवासमोर बसून देवळाच्या सभामंडपाला नाही कोण म्हणेल? काकूच्या घरातून तिच्या मुलाने हो म्हटलं होतं. ती तेव्हा आत चुलीपाशी होती. मी म्हटलं, हे लोक आठ दिवसांचे पाहुणे, पाणी वर्षभर भरतं कोण? तर म्हणे, घर त्यांच्याच नावावर आहे.

मला अजून वाटत होतं की त्याच्या डोक्यात काहीतरी उलटसुलट झालं असेल. तसंच झालेलं असू दे अशी मी मनातून विनवणी करत होते. म्हणून मी त्याला वाट करून दिली. म्हटलं, तुला तेव्हा समजलं नसेल तर तसं सांग, वर्गात पुष्कळ मुलांना समजत नाही.

“समजलं की. तुझ्या पद्धतीने विचारलं असतं तर उत्तर ‘नाही’च आलं असतं,” तो म्हणाला. “म्हणून तर बदललं.”

तो हे कसलाही आव न आणता म्हणाला आणि मखराची दोरी गुंडाळायला लागला. माझ्या विषयावर इतका विश्वास माझ्या घरात दुसऱ्या कुणी दाखवलेला नाही. पडवीत बसून त्याने एकेक गोष्ट माझ्याकडून विचारून घेतली होती. कधी विचारू नये, कुणाला वगळू नये, कुठला शब्द घालू नये. मग नेमकं तेवढंच केलं, आणि वर माझं नाव लावलं. मला राग आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती ती माझ्या त्या दिवशीच्या आनंदाची. हा सर्वे माझा नाही असं ग्रुपवर लिही, म्हटलं. तो म्हणाला, लोक गाड्यांत बसून निघालेत, आता कशाला घराण्याची शोभा करतेस. मी चहा न घेता बाहेर पडले.

काकूचं घर खालच्या अंगाला आहे. ती मागच्या दारी भांडी घासत होती. मुलगा पहाटेच निघून गेला होता. मला बघितल्यावर तिने हात धुतले, पदराला पुसले, मला पाट दिला आणि स्वतः उंबऱ्याशी नीट मांडी घालून बसली. केसांवरून हात फिरवला.

“आमी सभेला कोनीच नाय गेलो गो बाय,” ती म्हणाली. “म्हटलं तू येनार हायस. इचार आता.”

ती माझ्या तोंडाकडे बघत बसली. काय सांगायचं ते तिने मनाशी जुळवून ठेवलं होतं, ते तिच्या बसण्यावरून कळत होतं. माझ्याच्याने बघवेना.

“काकू, विचारून झालं,” मी म्हटलं. “ठरावही झाला.”

तिला पटकन उमगलं नाही. “कोनाला इचारलं?”

मी तिच्या मुलाचं नाव सांगितलं.