सगळ्या बायकांचा एकच स्वभाव

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, 'आजी, माणसाचा स्वभाव मोजता येतो का?' मी एकदा मोजायला गेले होते, तेव्हाची ही गंमत.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही प्रताप नगरात राहत होतो. तुमच्या बाबाला बालवाडीत घालून मी मानसशास्त्रात एम.ए. करत होते. शेवटचा प्रकल्प राहिला होता: गृहिणींकडून स्वभावाची प्रश्नावली भरून घ्यायची. 'तुम्हाला पटकन राग येतो का?' असले प्रश्न आणि उत्तर हो किंवा नाही. उन्हाळ्यात आजोबांची बदली ठरलेली होती. त्याआधी प्रकल्प दिला नाही, तर एम.ए. कायमचं सुटणार होतं.

हिवाळ्यात दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात उन्हात स्वेटर विणत बसायच्या. मला वाटलं, घरबसल्या काम झालं! पहिलीला रागाचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "नाही."

"खोटं काहून बोलून राहिली वं?" शेजारीण म्हणाली. "काल भाजीवाल्यावर कोन ओरडलं?"

"त्यानं सडके टमाटे देल्ले होते!"

"मंग राग आला ना? लिहा, हो."

मग 'हो'वर एकमत झालं, प्रत्येक प्रश्नाचं असंच झालं, आणि पुढच्या बायकांनीही "मायंही तेच लिहा" म्हणून टाकलं. कुणाला वेगळं पडायचं नव्हतं.

कॉलेजात मॅडमनी गठ्ठा चाळला आणि चष्मा काढून मला विचारलं, "ही सगळी एकच बाई आहे का?"

मी रडवेली होऊन घरी आले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "डाक्टरकडं एकेकटी जाता ना? तशाच आत जा. बाहेर आल्यावर जी आतलं सांगन, तिले संत्री भेटनार नाही." काटोलहून त्यांच्या भावाने पाठवलेली संत्र्यांची करंडी त्यांनी स्वतःच्या पाटाशी ओढून घेतली.

आतल्या खोलीत त्याच बायका निराळ्याच झाल्या. रागाच्या प्रश्नावर पहिलीने आधी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाली, "येते जी, पन दाखवत नाही. हे कुठी लिहान?" दुसरी प्रत्येक प्रश्नाला हसतच सुटली.

शेवटी सासूबाई आल्या. 'घरातल्या माणसांवर तुम्ही मनातून चिडता का?' हा प्रश्न मी कागदावरून डोळे न उचलता वाचला.

"हे तू लिहून घेनार?"

"हो."

"मंग पेन्सिल दे अन् बाहेर जाऊन बस."

मी बाहेर जाऊन बायकांत बसले. "सासूनं हाकललं वं!" म्हणून सगळ्या खिदळल्या, आणि मीही.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी नवा गठ्ठा पाहिला. "आता या वेगवेगळ्या बायका दिसतात," म्हणाल्या, आणि प्रकल्प ठेवून घेतला.

मी जवळजवळ धावतच घरी आले. अंगणातूनच ओरडून सांगितलं, "झालं! मॅडम म्हणाल्या, तुम्ही सगळ्या वेगवेगळ्या आहात!"

विणायच्या सुया थांबल्या.

"म्हंजे चांगली कोन निघाली?" शेजारणीने विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"मले माहीत हाय, मीच असन."

"तू? अन् तो भाजीवाला?"

पुन्हा सगळ्या एकदम बोलायला लागल्या. सासूबाईंनी एक संत्रं सोलून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "खाय. याइचं आता दिवाबत्तीपर्यंत चालते."