सखूबाईंच्या अंगणातलं जेवण

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ चहा टाकायला उठतो. असला माणूस मी! तरी हे लिहितोय, कारण मनातून जातच नाहीये...

मी नाशिकचा. हरसूलच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर शहरातल्या पाहुण्यांना जेवायला, राहायला पाठवतो. घर सखूबाईंचं. द्राक्षाच्या हंगामात घराला कुलूप लावून निफाडला मजुरीला जावं लागतं, ते थांबावं म्हणून त्यांनी हा होमस्टे मांडला. पहिलंच बुकिंग — एका जोडप्याचं, दुपारच्या जेवणाचं.

त्यांच्या शेताच्या बांधावर वाघदेव आहे. लाकडी खांब, त्यावर कोरलेला वाघ. फोटोला झकास! म्हणून आदल्या दिवशी मी तो काढून अंगणात रोवायला लावला.

"राखणदार बांधावरच पायजे, भाऊ," सखूबाई म्हणाल्या. पण पाहुण्यांसाठी कबूल झाल्या.

दुसऱ्या दिवशी नागलीच्या भाकऱ्या झाल्या, उडदाची आमटी झाली. आम्ही दोघं ओट्यावर बसून रस्त्याकडे डोळे लावलेले. कुणी आलंच नाही. भाकऱ्या टोपलीत तशाच राहिल्या. फोनला रेंज नाही. सखूबाई सारख्या उठून वाटेकडे बघायच्या, परत येऊन बसायच्या. "आता निफाडच," एवढंच म्हणाल्या. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

परतताना हरसूलला रेंज आली आणि पाहुण्यांचा मेसेज दिसला — 'अप्रतिम जेवण! मावशींना थँक्यू सांगा.' सोबत फोटो.

चुकून दुसऱ्याच घरी गेले असणार, म्हणून फोटो मोठा करून पाहिला... आणि गाडी तशीच मागे वळवली. अंगण सखूबाईंचंच. तोच ओटा, तोच निळा ड्रम. फक्त वाघदेव नव्हता. आणि ताटात भाकरी वाढणारा एक हात, मनगटावर भाजल्याचा डाग.

सखूबाईंनी फोनशेजारी आपला हात धरला. तोच डाग.

"हात तर माझाच हाय... पन मी तुमच्यापाशीच बसले व्हते ना, भाऊ?"

दिवस मावळायच्या आत त्यांनी वाघदेव परत बांधावर नेऊन रोवला. त्या जोडप्याला मी खोदून खोदून विचारलं, तर ते हसायलाच लागले. काय समजायचं? मला आजही कळलेलं नाही.

आता पाहुणे बरोबर येतात. यंदा निफाडला जावं लागलं नाही. पण पाहुणे हात धुवायला उठले की सखूबाई माझ्याजवळ येऊन हळूच विचारतात, "भाऊ, मीच वाढलं ना?"

मी 'हो' म्हणतो... आणि टोपलीतल्या भाकऱ्या कमी झाल्यात ना, ते गुपचूप बघून घेतो.