पप्पांनी पाठवलेली लिंक

माझे पप्पा निवृत्त शिक्षक. भिवंडीत आमच्या समाजाचं वधू-वर सूचक केंद्र ते कित्येक वर्षं घरच्या पुढच्या खोलीतून चालवतात, तेही फुकट. प्रत्येक स्थळाचं एक कार्ड. पुढे शिक्षण, नोकरी, उंची, अपेक्षा. मागे पेन्सिलीने, लोकांनी त्यांना विश्वासाने सांगितलेलं. 'वडील पितात.' 'पहिलं लग्न मोडल्याचा सल आहे, घाई नको.' मागची बाजू फक्त पप्पांनी वाचायची. लहानपणी एकदा मी एक कार्ड उलटं केलं, तर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नव्हते.

मी काल्हेरला एका गोदामवाल्या कंपनीच्या वेबसाइट सांभाळते. त्यामुळे केंद्राची साईट आपसूक माझ्या गळ्यात पडली. मी एक प्लगइन बसवलं, म्हणजे साईटला जोडायचा आयता तुकडा, आणि दोन रविवारांत सगळी कार्डं त्यात चढवली. पेन्सिलीच्या ओळी प्रत्येकाच्या वेगळ्या, आतल्या पानावर ठेवल्या. त्या पानाचं बटण फक्त पप्पांना दिसायचं, सभासदांना नाही.

"हे दुसऱ्या कोणाला उघडणार नाही ना?" पप्पांनी विचारलं.

"पासवर्ड लागतो, पप्पा," मी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हटलं. ते उत्तर मला जन्मभर पुरेल.

खारबावची एक मुलगी पप्पांची विद्यार्थिनी. वडील लहानपणीच गेले, दहावीचा अभ्यास तिने आमच्या घरी बसून केला, आता एका मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. रविवारी बुद्धविहारात वंदनेला आली की आधी पप्पांना पाणी आणून द्यायची, मग बाकीच्यांशी बोलायची. मला त्या पाण्याचा थोडा रागच यायचा, कारण मला कधी ते सुचलं नव्हतं. तिला लहानपणापासून फिट यायची. गोळ्या चालू होत्या आणि चार वर्षांत एकदाही आली नव्हती. हे तिने पप्पांना सांगितलं, तेव्हा एकच अट घातली: लपवायचं नाही, पण मुलाला मी स्वतः सांगणार. पप्पांनी तसा शब्द दिला होता.

तिला अंबाडीचं स्थळ आलं. लोक बघायला गेले, पोहे झाले, आणि ती काही बोलायच्या आधीच मुलाच्या आत्याने सगळ्यांसमोर विचारलं, "फिटच्या गोळ्या अजून चालू आहेत का?" दुसऱ्या दिवशी नकार. अर्थात हे आत्याचं विचारणं आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा दिसलं ते इतकंच, की स्थळ मोडलं आणि मुलगी विहारात यायची थांबली. पप्पांनी फोन केला की तिची आई उचलायची. "ती ड्युटीवर हाय, सर." पप्पा रविवारी दाराकडे तोंड करून बसायला लागले. मी म्हणायचे, असतं एकेकाचं, पप्पा. तुम्ही कशाला मनाला लावून घेता.

असे तीन महिने गेले आणि प्लगइनवाल्यांची मेल आली की ताबडतोब अपडेट करा. असल्या मेल मी बाजूलाच ठेवते. मागे एका अपडेटने साईटवरच्या सगळ्या काना-वेलांट्या विस्कटल्या होत्या आणि पप्पांनी आठवडाभर माझं डोकं खाल्लं होतं. ही मात्र वाचली, आणि हातातला चहा तसाच राहिला. माणूस लॉगिन करून आलाय का, एवढंच ते प्लगइन बघत होतं. समोरचं पान बघायची परवानगी त्याला आहे का, हे विचारतच नव्हतं. घरात घेतलेल्या पाहुण्याला कपाटं उघडायचीही मुभा आहे, असं धरून चालावं तसं. मी बटण तेवढं लपवलं होतं. आतल्या पानाची लिंक हाती लागली, तर ते कोणाही सभासदाला उघडत होतं.

पण लिंक हाती लागणार कशी? साईटवर कोण कुठलं पान उघडतं याची नोंद राहते. ती काढली, तर अंबाडीच्या मुलाच्या खात्यातून, बघायला जायच्या आदल्या दिवशी, त्या मुलीचं आतलं पान उघडलेलं. मी पप्पांचा मोबाइल उघडून बघितला. त्यांनीच मुलाच्या घरी व्हॉट्सअॅप केलं होतं: 'मुलीची माहिती. स्वभावाने फार चांगली आहे.' खाली लिंक, स्वतःच्या स्क्रीनवरून उचललेली, आतल्या पानाची.

भोक मी दहा मिनिटांत बुजवलं. पप्पांना काही सांगू नये, असं तासभर वाटलं, खोटं कशाला बोलू. मग जेवताना त्यांनी विचारलं, "या रविवारी येईल का गं ती?" आणि मी हातातला घास ताटात ठेवला. सगळं सांगितलं.

"म्हणजे मीच पाठवलं," ते म्हणाले.

"पाठवलं तरी त्यांना उघडायला नको होतं. ते बघणं माझं काम होतं."

"बोट माझं होतं," म्हणाले आणि ताटावरून उठले.

सकाळी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून खारबावला नेलं. मुलगी घरीच होती. तिची आई "बसा ना, सर" म्हणत राहिली, पण पप्पांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, वर्गासमोर एखाद्या मुलाने सांगावं तसं. मध्ये मी माझी चूक सांगायला गेले, तर त्यांनी मला हाताने थांबवलं. आत्याचं विचारणं तिने आम्हाला सांगितलं ते तेव्हा.

"पण तुम्ही तोंडानं बोलला न्हाय ना, सर? त्या लोकांशी?"

"नाही बाळा. एक शब्द नाही."



"पोरगा गेला त्याचं मी दोन दिवस रडले, सर. मग विसरले. पण मला वाटलं, तुम्हीच सांगितलं. मग म्हटलं, आता कोणालाच काय सांगायचं न्हाय." तिने दारात उभ्या असलेल्या आईकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. "गेल्या महिन्यात मला परत फिट आली. दुकानाच्या मागं, एकटी होते. त्याच्यानंतर अजून दोनदा. आईला पण न्हाय सांगितलं."

तिची आई होती तिथेच उंबऱ्यावर बसली. पप्पा मुलीजवळ गेले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"डॉक्टरांची फाईल घे," ते म्हणाले. मी रिक्षा आणायला धावले.