छाती माझी, सही माझी

रुग्णालयातल्या काउंटरवरच्या बाईंनी शस्त्रक्रियेचं संमतीपत्र मावशीच्या मुलापुढे, संजयदादापुढे सरकवलं. मावशीने ते अर्ध्या वाटेत अडवून स्वतःकडे ओढलं.

"छाती माझी, तर सहीही माझीच," ती म्हणाली.

मावशी एकोणसत्तर वर्षांची आहे. माझी आजी आणि आई, दोघीही स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. तोच धोका मावशीकडेही आनुवंशिकतेने आल्याचं तपासणीत कळलं. आजाराची वाट न बघता दोन्ही स्तन काढून टाकायचं तिने डॉक्टरांशी तीनदा बोलून ठरवलं.

"पण आई, या वयात कशाला?" दादाने पुन्हा विचारलं.

"मोतीबिंदू काढायला लावलास तेव्हा नाही आठवलं वय?"

मी लहानपणापासून महिला संघटनेची पत्रकं चौकात वाटत आले. 'माझं शरीर, माझा हक्क' असं त्यांवर ठळक छापलेलं असे आणि खाली तरुण मुलीचं चित्र. तिथे पांढऱ्या केसांची बाई काढावी, असं आम्हाला कधी सुचलंच नाही. साठी उलटलेल्या बाईला आपण फक्त गुडघ्यांबद्दल विचारतो. तिला पुढची वर्षं हवी असतील, भीतीशिवाय हवी असतील, हे आपल्या गावीही नसतं. मला संताप आला, त्यात माझ्यावरचाही होता.

मावशीने सावकाश पूर्ण नाव लिहिलं आणि पेन दादाला दिलं. "आता साक्षीदार म्हणून तू कर."

दादा त्या अक्षरांकडे बघत राहिला. मग त्याने सही केली आणि विचारलं, "तारीख कोणती घ्यायची?"

"लवकरात लवकरची. पुढची बरीच वर्षं मला मोकळी हवीयत."